पुस्तकावरचे नाव कोणी घ्यायचे

खालापूर, चैत्र वद्य पंचमी, शके १८१२

तीर्थरूप दादांच्या पायांवर धाकट्या जयवंतेने डोके ठेवले आहे असे समजावे. आणि डोके उचलल्यावर ती रागावलेली दिसली, हेही समजावे. वहिनींचा खोकला थांबला का? अडुळशाचा रस मधातून द्यावा. (हे माझ्या पुस्तकात नाही. ते पावसाळ्याच्या बेगमीचे पुस्तक आहे, औषधांचे नाही. आणि स्वतः पडताळले नाही ते मी छापवीत नाही.)

ओटीवर बसवून मला अक्षरे तुम्ही शिकवलीत, पुस्तक पुण्यास तुम्हीच छापवून दिलेत, हे उपकार मी विसरलेले नाही. पण "लेखकाने नाव ठळक छापावे, वानगी वाचून दाखवावी आणि गिऱ्हाइकास स्वतः भेटावे, म्हणजे पुस्तक हातोहात खपते," हेही तुमचेच पत्र. नाव तुम्ही ठळक छापलेत खरे, पण कोणाचे? 'कर्त्री : ——— यांचे कुटुंब.' ही रेघ पुस्तकात नाही, ती मी इथे ओढली आहे; कारण ते नाव मला घेता येत नाही, आणि लिहायलाही हात धजत नाही. जे नाव मला घेता येते, ते मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कुठेच नाही.

पार्सलही तुम्ही त्याच नावे पाठवलेत. इकडची स्वारी कामानिमित्त अलिबागेस. तेव्हा नामा गाडीवानाबरोबर कर्जतच्या ठेसनावर मीच गेले. पार्सलबाबूने विचारले, कोणाचे? मी म्हटले, माझे. त्याने चिठ्ठी वाचली आणि म्हणाला, हे तर पुरुषाचे नाव, ते सांगा आणि घेऊन जा. मी खाली पाहिले. त्यातच मुंबईची गाडी आलेली, घाटासाठी मागे दुसरे इंजिन लावणे चाललेले, म्हणून उतारूंना काही उद्योग नव्हता. सगळ्या खिडक्यांतून माना बाहेर. शेवटी घेतले:

पुढं एक, मागं एक, घाटाला इंजिनं दोन,
———रावांचं नाव घेते, अडवणारं कोण?

पार्सल मिळाले. खिडकीतून एका म्हातारीने आणखी एक नाव घ्यायला सांगितले. पार्सलात काय आहे, हे एकानेही विचारले नाही.

मग चौकचा बाजार. तुमच्या आज्ञेप्रमाणे कैरीच्या लोणच्याचे पान वानगी म्हणून मोठ्याने वाचले. इंदूबाई म्हणून एक बाई खूश होऊन कनवटीला हात घालणार, तोच मी सांगितले की या पानावर छापखान्याच्या चुकीने मीठ निम्मेच पडले आहे. (न सांगता कसे विकू? तिचे लोणचे आषाढात बुरसले असते.) तिने हात काढून घेतला. बाकीच्यांनी तर ऐकूनच पान पाठ केले होते, मिठासकट. त्यांना पुस्तकाचे काय काम? इतक्यात सदू वाण्याने वरचे नाव वाचले आणि ते बाप्याचे निघाले. मी शपथेवर सांगितले की मीच लिहिले आहे. मग हा कोण, त्याचे नाव सांग, असे झाले. भाजी विकणारी धोंडी म्हणाली, "लिवणाराचं नाव सांगंना ती. चोरीचा माल असंल गं बायांनो."

दादा, एकेक पापड स्वतः लाटून, वाळवून, मग लिहिलेले पुस्तक हे. आणि चोरीचा माल!

"न्हाय तर घे नाव," धोंडी म्हणाली, "मग घेतो आमी पुस्तक." मी घेतले. कैरीवर घेतले, गोवऱ्यांवर घेतले, सुक्या बोंबलांवरही घेतले. दिवस कलता बाया हसत घरी गेल्या आणि पुस्तके माझ्या टोपलीत. दुसऱ्या बाजारी माझाच बोंबलांचा उखाणा मी धोंडीच्या तोंडून ऐकला, तिच्या घरधन्याचे नाव घालून.

मामंजींनी मुदत घातली आहे: मृगापर्यंत पुस्तके घरोघर गेली तर सूनबाईने आणखी लिहावे, नाही तर पुस्तके आणि लेखणी दोन्ही माळ्यावर. एकदा मृग लागल्यावर बेगमीचे पुस्तक घेईल कोण? त्यांनी सांगायची वाट न पाहता मीच लेखणी माळ्यावर टाकली आहे. (हे पत्र दुसऱ्या लेखणीने लिहिले.) यापुढे मी ओळही लिहिणार नाही, हे निश्चित समजावे. वहिनींस नमस्कार.

तुमची
जयवंता

ता. क. सोबत उखाणे स्वच्छ लिहून पाठवले आहेत. ते ताबडतोब छापवून पाठवावे, म्हणजे मृगाआधी बेगमीच्या पुस्तकामागे मी टाचून घेईन. धोंडीने असे पुस्तक घ्यायचे कबूल केले आहे; वाचायला सदू वाणी आहे. जिथे नाव येते ती जागा कोरी ठेवावी, जिचे तिने घालावे. या खेपेस वानगी म्हणून एकही वाचून दाखवणार नाही.

आणखी ता. क. पुस्तकावर चिकटवायला 'जयवंता' एवढ्याच अक्षरांच्या चिठ्ठ्या छापवाव्या. इकडे विचारले आहे. म्हणणे पडले की चौकात आमचे नाव इतके झाले आहे, की तिथून जायची चोरी; खुशाल तुझे छाप.

पार्सलही माझ्याच नावे करावे. ते मला घेता येते.