सी विंग आपलीच आहे

मोशी, गुरुवार

तीर्थस्वरूप यशवंतमामांना ज्योतीरामचा वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? मामींची साखर उतरली का? आमच्याकडे सगळे बरे आहेत, फक्त आंघोळीवाचून आहेत. तुमचं घर इथून चालत दहा मिनिटांवर, तरी पत्र लिहितो आहे, कारण फोन केला की तुम्ही तो स्पीकरवर ठेवता, आणि दिवसभर तुम्ही बसता नानांच्या प्रचार कचेरीत. मी बापूंचा माणूस. (मामा एकीकडे आणि भाचा दुसरीकडे असला म्हणजे कुणीही निवडून आलं तरी नगरसेवक घरचाच राहतो, असं आई म्हणते.)

महिन्यापूर्वी बापूंनी मला कोरी वही दिली. सोसायटीच्या तिन्ही विंगांत दारोदार जायचं आणि प्रत्येक घरापुढे लिहायचं: आपले, त्यांचे किंवा तळ्यात-मळ्यात. ए विंगेत जमिनी देऊन फ्लॅट घेतलेले गावकरी, सगळे नानांच्या भावकीतले. त्यांचे. बी विंगेत कुणी दार पूर्ण उघडत नाही. फटीतून 'बघू' म्हणतात. तळ्यात-मळ्यात. सी विंगेत मी स्वतः राहतो. तिथल्या चोवीस घरांपुढे मी चोवीस वेळा 'आपले' लिहिलं, सुवाच्य अक्षरात. बापूंनी पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवसापासून बी विंगेला पाण्याचे दोन टँकर सुरू झाले, एक बापूंचा, एक नानांचा. (म्हणजे नानांसाठी तुम्ही भरलेली वहीही माझ्या वहीसारखीच निघाली.) सी विंगेला बापूंचा फोटो असलेलं कॅलेंडर आलं. मी विचारलं तर बापू म्हणाले, "ज्योतीराम, घरच्या माणसाचा कुणी पाहुणचार करतं का राव?" नानांनीही ए विंगेला टँकर दिला नाही, भावकी म्हणून. आता ए आणि सी विंगेतले लोक बोअरच्या एकाच नळावर रांगेत उभे असतात, आणि बी विंगेतले लोक मोटारी धूत असतात. तिसऱ्या मजल्यावरच्या मंजुळाबाईंनी मला रांगेतच धरलं. "व्हय रं, आमी आपलं हाय म्हून तुला कुनी सांगितलं? 'बघू' म्हनायला तोंड दुखत व्हतं का?" तुमची भाचेसून विजयश्री "मत तुमचं, हंडा माझा" एवढंच म्हणते, पण दिवसातून चार वेळा म्हणते.

शेवटी विंगेची बैठक झाली आणि आपण डळमळीत व्हायचं असं एकमताने ठरलं. आमच्या गोरक्षने गॅलरीत नानांचा बॅनर लावला. बापू म्हणाले, पोराला ऊन लागत असेल. आम्ही बापूंची पत्रकं घेतली नाहीत, तर म्हणाले, यांना कशाला हवीत, यांना तोंडपाठ आहे. मग आम्ही बायकापोरांसह नानांच्या मटणाच्या जेवणाला गेलो, मुद्दाम पहिल्या पंगतीला बसलो. बापूंनी चौकात सांगितलं, "मीच पाठवलंय. नानाचा खर्च वाढू दे." मामा, एकदा आपला ठरला की माणसाला सुटका नाही.

येत्या रविवारी सुप्रियाला बघायला मंडळी येणार आहेत, अकरा जण. स्थळ पोरीने स्वतःच पसंत केलं आहे, बघणं नावापुरतं. पण मुलाची आई बसायच्या आधी पाय धुवायला पाणी मागते, असं कळलं. पाण्यावाचून हे मोडलं तर पोरगी माझ्याशी जन्मभर बोलणार नाही.

मामींना नमस्कार सांगा. गुडघ्याला निरगुडीचा शेक द्या.

तुमचा भाचा,
ज्योतीराम

ता. क. नानांच्या वहीत तुम्ही आमच्या विंगेपुढे 'त्यांचे' लिहिलं असेल. ते खोडून 'फुटतील' असं लिहा. शनिवारी नानांचा एक टँकर आला की मागोमाग बापूंचे दोन येतील.

पुन्हा ता. क. मतदारयादी आज पहिल्यांदा उघडून पाहिली. आमच्या चोवीस घरांपैकी फक्त तीन घरांची नावं तिच्यात आहेत. बाकीचे आम्ही अजून आपापल्या गावाकडेच मतदान करतो, मीसुद्धा. हे नानांना सोमवारी सांगितलंत तरी चालेल.