घरच्या माणसाची साक्ष

माय, काल मी अकोल्याला डॉक्टरकडे जाऊन आले, आणि आज दुपारपासून तुझ्याशी बोलावंसं वाटतंय. तू जाऊन वीसेक वर्षं झाली. तू असतानाही मी तुला कधी काही लिहिलं नाही, कारण तुला वाचता येत नव्हतं आणि बाबांनी मोठ्याने वाचून दाखवावं असं माझ्याकडे फारसं काही नसायचं. आता तू विचारशील, अमरावतीतले डॉक्टर काय मेले का, की उठून अकोल्याला गेलीस? अमरावतीत माझी सोय नाही. निम्म्या गावाला मी मानसशास्त्र शिकवलं आहे. कुठल्याही दवाखान्यात गेलं की आतली पोरगी उभी राहून "मॅडम, तुम्ही इथे?" म्हणते, आणि संध्याकाळपर्यंत माझ्या जुन्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बातमी पोचलेली असते. म्हणून अकोला. तुझे जावई बरोबर होते. बस मूर्तिजापूरला थांबली तेव्हा त्यांनी खाली उतरून माझ्यासाठी चहा आणला, मग पुन्हा उतरून आणखी एक आणला. मी म्हटलं, अहो, मला काय तळं समजलात का? ते हसले आणि दुसरा चहा स्वतः प्यायले.

तुझ्यासारखं विसरणं माझंही सुरू झालंय, अशी भीती मला वर्षभरापासून वाटत होती. सुरुवात फार क्षुल्लक होती. मी ह्यांना सांगायची की शुक्रवारी नळवाला येणार आहे, आणि शुक्रवारी नळवाला दारात उभा राहिला की हे म्हणायचे, तू मला सांगितलंच नाहीस. मला पक्कं आठवायचं की सांगितलं होतं, जेवताना सांगितलं होतं, आणि हे हूं म्हणाले होते. एकदा झालं, मी भांडले. पुन्हा पुन्हा व्हायला लागलं तेव्हा भांडण सोडलं आणि घाबरले. दोघांत एकाचं म्हणणं चूक असणार, आणि ज्याच्या आईची गत तुझ्यासारखी झाली, त्याने आधी स्वतःकडे बघावं, हे मी पोरांना शिकवलं आहे. दुधाच्या पिशव्या दोनदा घरात यायला लागल्या. हे म्हणायचे, तूच सांगितलं आणायला. असेल सांगितलं, मी मनात म्हणायची. प्रत्येक गोष्ट मी माझ्या खात्यावर टाकत गेले.

गेल्या महिन्यात मोर्शीला ह्यांचे थोरले भाऊ वारले. संत्र्याच्या बागेतच पडले. आम्ही धावलो, सगळं झालं, दहाव्याला ह्यांनी डोकं भादरलं, तेरवी करून आम्ही घरी आलो. तेव्हापासून हे गप्प गप्प असतात. जेवतात, पेपर उघडतात, आणि त्याच पानावर बसून राहतात. भावाचं नाव काढत नाहीत, म्हणून मीही काढत नाही. पण एक दिवस मी भाजी निवडत होते आणि हे समोर येऊन बसले आणि म्हणाले, "माह्याकडून काई चुकलं काय वं? तू नाराज हाय काय माह्यावर?" मी म्हटलं, नाही, का? तर म्हणाले, मनाले बरं नाई वाटून राहिलं, आपलं भांडण झालं असंन. माय, मला कुठलंही भांडण आठवत नव्हतं. म्हणजे मी ह्यांना काहीतरी टोचून बोलले असणार, ते ह्यांच्या मनात राहिलं आणि माझ्या डोक्यातून पुसलं गेलं. त्याच दिवशी मी अकोल्याला फोन करून नंबर लावला.

मैत्रिणीला सांगितलं तर तिने माझंच वाक्य माझ्या तोंडावर मारलं. वर्गात मी दरवर्षी सांगायची की ज्याला स्वतःच्या विसरण्याची भीती वाटते त्याचं बहुधा ठीक असतं, ज्याच्या घरच्यांना भीती वाटते त्याला घेऊन या. हे ऐकून कितीतरी लोक माझ्यासमोर रडता रडता शांत झाले आहेत. मला मात्र ते वाक्य उपयोगाचं नव्हतं. त्यातला 'बहुधा' किती लोकांना सोडून जातो ते मला माहीत आहे. जे औषध आपणच पुडीत बांधलंय ते घेऊन गुण येत नाही बघ.

तुला ती दुपार आठवत असेल का? आपल्या दर्यापूरच्या घरात तू चुलीपुढे भाकरी थापत होतीस, आणि बाबा दाराशी उद्याच्या बाजारासाठी झेंडूची फुलं निवडत होते. मी म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणावर संशोधन सुरू केलं होतं. बाहेरून आलेली चाचणी इतकी पुस्तकी होती की खेड्यातली बाई पहिल्याच प्रश्नाला गार व्हायची. आजची तारीख सांगा म्हटलं की बायका हसायच्या. मग मी ती सगळी नव्याने, आपल्या बोलीत लिहायला घेतली. तारखेच्या जागी, आज कोणत्या गावचा बाजार, असं विचारायचं. पहिली चाचणी तुझ्यावर. पाच शब्द सांगितले आणि म्हटलं, थोड्या वेळाने विचारीन, लक्षात ठेव. त्यात एक शब्द नणंद होता, एक दही होता. तू लगेच नणंदेने दही सांडलं आणि विहिरीवर जाऊन कांगावा केला अशी गोष्टच रचलीस आणि वर मला झापलंस, "मले शाळेत बसवून राहिली काय वं?" पुढे नणंद काढून टाकावी लागली. गावोगाव बायका बाकी सगळं विसरायच्या आणि नणंद तेवढी सांगायच्या.

मग चार-पाच वर्षांनी तीच चाचणी मी पुन्हा तुझ्यासमोर घेऊन बसले, आणि या वेळी गंमत म्हणून नव्हे. निघताना तू मला तुरीच्या डाळीची पिशवी द्यायचीस. त्या सकाळी तू तीन वेळा दिलीस, आणि तुझ्या जावयांनी तिन्ही उचलून गाडीत ठेवल्या. मी तुला विचारलं, आज बाजार कोणत्या गावचा? तू माझ्याकडे पाहिलंस, मग दाराकडे पाहिलंस, आणि बाबा तिथून म्हणाले, आज दर्यापूरचाच तर हाय, तिले माहीत हाय. मी दुसरं काही विचारलं, पुन्हा तेच. मी चिडले. बाबांना म्हटलं, तुम्ही मधे बोलू नका, माझं सगळं काम बिघडतं. ते उठून अंगणात गेले. तेव्हा तू पदराला हात पुसत हळूच म्हणालीस, "बोलू दे वं तुह्या बाबाले. मी इसरतो, मले समजते. त्याईले वाटते मले समजत नाई." मी त्यावर काय बोलले ते मला आठवत नाही, आणि हे न आठवणं साधं आहे, वयाचं आहे.

तुमच्या दोघांमुळेच मी त्या चाचणीच्या शेवटी एक भाग जोडला. विसरणारा माणूस एकटाच समोर असला तर फसवतो आणि जोडीदार शेजारी असला तर जोडीदार फसवतो. म्हणून विसरणाऱ्याला बाहेर बसवायचं. आधी घरच्या माणसाला अलीकडची एखादी घटना सविस्तर विचारायची, मग त्याला बाहेर पाठवून तीच गोष्ट विसरणाऱ्याला विचारायची, आणि दोघांचं जुळतं का बघायचं. घरच्या माणसाची साक्ष खरी धरायची. केवढा अभिमान वाटला होता मला त्या युक्तीचा.

तर काल अकोल्याला डॉक्टरांनी मला शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथे एक तरुण मानसशास्त्रज्ञ मुलगी होती, चुणचुणीत. तिने खणातून कागद काढले आणि म्हणाली, "काकू, मी पाच शब्द सांगते." शब्द माझेच होते. ती पुढे बोलेपर्यंत मी पाचही मनात म्हणून मोकळी झाले होते. माय, हे शब्द मी दर्यापुरात, मोर्शीत, चांदूर रेल्वेत इतक्या म्हाताऱ्यांपुढे म्हटले आहेत की नवऱ्याचं नाव विसरेन पण ते विसरणार नाही. मला तपासायला जे एकच माप होतं ते मीच बनवलं होतं आणि म्हणून ते मला लागू पडत नव्हतं. मी तिला तसं सांगितलं. ती उठून पाया पडली, मग खुर्चीत बसून एकेक कागद उलटत गेली. शेवटी म्हणाली, "मॅडम, मग तुमचाच शेवटचा भाग करू या. सरांना आत बोलावते." मी बाहेर बाकावर जाऊन बसले.

मधे प्लायवुडची भिंत होती. मला सगळं ऐकू येत होतं, आणि प्रत्येक प्रश्न तिच्या तोंडून यायच्या आधी मला माहीत होता. मॅडम तेच तेच विचारतात का? नाही, हे म्हणाले. वस्तू हरवतात का? नाही, उलट मलेच शोधून देते. ओळखीच्या रस्त्यावर चुकतात का? कधीच नाही. मला वाटलं, आता हे बाबांसारखं करताहेत, मला झाकताहेत. उठून आत जावं आणि म्हणावं, अहो, खरं सांगा, ही भीती घेऊन मला घरी नेऊ नका. मग तिने तो प्रश्न विचारला. गेल्या महिनाभरात घरी काही विशेष घडलं का? कोणाचं लग्न, कार्य, कोणी गेलं, आलं? हे अगदी मोकळ्या आवाजात म्हणाले, "नाई, तसं काई नाई झालं. मोर्शीले जाचं हाय. माह्या मोठ्या भावानं बलावलं हाय, संत्र्याची बाग पाहाले. म्हणलं या रविवारी जाऊन येऊ."

ह्यांच्या डोक्यावरचे केस अजून बोटभरही वाढलेले नाहीत. त्या मुलीला वाटलं असेल, तिरुपतीला जाऊन आले.

बाकावर बसल्या बसल्या गेलं वर्ष माझ्यासमोर उलटं झालं. नळवाल्याचं मी सांगितलं होतं. दूध मी सांगितलं नव्हतं. भांडण झालंच नव्हतं. प्रसंग पुसला जातो आणि त्याने जागवलेली भावना मागे राहते, हे मी फळ्यावर लिहून शिकवलं आहे, आणि माझ्या घरात एक माणूस महिनाभर भावासाठी झुरत होता आणि आपण कोणासाठी झुरतोय हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि मी भाजी निवडत स्वतःची नाडी बघत होते. घरच्यांना आधी कळतं म्हणे. घरची मी होते.

मग हे बाहेर आले आणि मला आत बोलावलं. मुलीने तोच प्रश्न मला विचारला. खरं सांगितलं तर ती माझ्याच नियमाप्रमाणे साक्षीदाराचं खरं आणि माझं खोटं धरणार. किंवा हुशार असेल तर ह्यांना परत आत बोलावणार आणि विचारणार, सर, तुमचे भाऊ वारले ना? आणि तिथे, त्या परक्या खोलीत, एका अनोळखी पोरीसमोर ह्यांचे भाऊ पुन्हा एकदा मरणार. दोन्ही दारं मीच बसवलेली होती. मी म्हटलं, "विशेष काही नाही. रविवारी मोर्शीला जायचंय, दिरांकडे." ती मनापासून हसली. म्हणाली, "अगदी जुळतं दोघांचं, मॅडम. काही काळजी करू नका."

परतीच्या बसमध्ये हे माझ्या खांद्यावर झोपले. आज सकाळी चहा पिताना विचारलं, रविवारचं नक्की ना? मी हो म्हटलं. माय, मोर्शीच्या घरात शिरलं की समोरच्या भिंतीवर त्या भावाचा फोटो आहे, हार घातलेला. न्यावं तर तो आहे, न न्यावं तर हे पुन्हा विचारणार, उद्या विचारणार. डॉक्टरांना सांगावंच लागणार, ते मला कळतं. कसं आणि कोणासमोर, ते कळत नाही. तू बाबांना बोलू दिलंस कारण तुला माहीत होतं. ह्यांना माहीत आहे का, हे मी ह्यांना विचारूसुद्धा शकत नाही.

हे पत्र संपलं की फाडणार आहे. तुला पाठवायचं कुठे, आणि घरात ठेवलं तर ह्यांच्या हाती लागेल. पण फाडायच्या आधी एक राहिलं, ते फक्त तुलाच सांगते. त्या बाकावर ह्यांचं बोलणं ऐकून मला दुःख झालं, खूप झालं, पण ते मागून आलं. सगळ्यात आधी माझ्या मनात आलं, मी नाही. मी सुटले. आणि मला हसू आलं, माय.