शाळेतून घरी येणारी मुलगी

आई,

तुझी नात शाळेत जात नाही. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, म्हणजे तुला काय ओरडायचं ते ओरडून घे आणि मग पुढचं वाच. दिल्लीतल्या सरकारी प्राथमिक शाळेत अठ्ठावीस वर्षं शिकवलेल्या बाईची नात अकरा वर्षांची झाली आहे आणि तिला मी घरी शिकवते, मयूर विहारमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर. तू असतीस तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाली असतीस, "डोकं ठिकाणावर आहे ना?" आहे. अगदी ठिकाणावर आहे. तू गेलीस त्याला चौदा वर्षं झाली, म्हणजे तुला ही मुलगीच माहीत नाही, तर तिची शाळा कुठून माहीत असणार. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

हे खूळ मी परदेशातून आणलं असं इथले सगळे म्हणतात आणि ते खरंच आहे. तुझ्या जावयाच्या नोकरीमुळे आम्ही सहा वर्षं कॅनडातल्या एका लहानशा गावात होतो. शेजारची बाई तिच्या तिन्ही मुलांना घरीच शिकवायची, आणि "आमच्याकडे कुत्रा आहे" इतक्या सहज ते सांगायची. पहिल्या वर्षी मी तिच्याकडे संशयाने बघितलं. दुसऱ्या वर्षी तिच्या मुलांशी बोलले, आणि ती मुलं माझ्याशी मोठ्या माणसांसारखी, मान वर करून बोलली. पुढे आमच्या मुलीचं पहिलीचं वय झालं तेव्हा तिचं नाव कुठल्याच शाळेत घातलं नाही. वर्षाच्या सुरुवातीला एक अर्ज भरून दिला की त्या गावात पुन्हा कुणी काही विचारत नसे. सकाळी वाचनालय, दुपारी बर्फात उंडारणं, मधल्या वेळात गणित. मला कधी नव्हे इतकी मजा आली.

तीन वर्षांपूर्वी परत आलो तेव्हा वाटलं होतं, लोक दोन महिने विचारतील आणि थकतील. तुझ्या दिल्लीला मी ओळखलं नाही म्हणायचं. इथे लहान मुलाला आधी नाव विचारतात आणि लगेच, "बेटा, कौन से स्कूल में हो?" गेटवरचा गार्ड विचारतो, इस्त्रीवाला विचारतो, लिफ्टमध्ये भेटलेली माणसं तर तिसऱ्या मजल्यापर्यंत पुरेल असाच प्रश्न काढतात. मी सगळ्यांना ठणकावून सांगते, "घर पे पढ़ती है." त्यावर "अच्छा... तबियत ठीक नहीं रहती क्या?" असं एका आजोबांनी फार काळजीने विचारलं होतं. पुण्याहून जाऊबाईंचा फोन येतो, "अगं, पण पुढे काय?" पुढे दहावीची परीक्षा बाहेरून देता येते, त्याची सगळी माहिती मी काढून ठेवली आहे, आणि हे त्यांना मी पाच वेळा सांगून झालं आहे. आणि आई, मला शिकवता येतं. उगाच नम्रपणा कशाला करू? मंगळ बाजारात भाजीवाल्याच्या तराजूवर पोरगी अपूर्णांक शिकली. मेट्रोचा नकाशा पुढ्यात घेऊन तिने मला आपल्या आर. के. पुरमच्या जुन्या क्वार्टरपर्यंत नेलं, कुठे बदलायचं, किती वेळ लागेल, सगळं तिनेच ठरवलं. पाचवीची मुलगी सातवीचं गणित करते. हे तुझंच रक्त, दुसरं काय.

आता जे झालं ते सांगते. या थंडीच्या सुरुवातीला एका शनिवारी लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावरच्या बाई भेटल्या. नवीनच राहायला आल्यात, त्यांची मुलगी आणि आमची मागच्या पार्कात एकत्र खेळतात. त्या म्हणाल्या, "आज तो आपकी भी पीटीएम है ना? आपकी बेटी बता रही थी." पीटीएम म्हणजे शाळेतली पालकसभा. मी, जी आजवर सगळ्या दुनियेला ठणकावून सांगत आले, ती मी एक क्षणही न थांबता म्हणाले, "हाँ जी, ग्यारह बजे." का म्हणाले ते मला तेव्हा कळलं नाही. पोरीला तोंडावर पाडायचं नव्हतं, एवढंच असेल.

मग दोनचार दिवसांत इकडून तिकडून सगळं कळत गेलं. आमच्या मुलीची एक शाळा आहे. ती पाचवी बी मध्ये आहे. कँटीनमधला समोसा छान असतो, पण लवकर संपतो. गुरुवारी पांढरे बूट घालावे लागतात. आणि गणिताच्या मॅडम फार कडक आहेत.

मी रागावले नाही. रागावले नाही याचं मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की काय सांगू. तिला टेबलापाशी बोलावलं, नवी वही काढली आणि उत्साहाने म्हणाले, "मला सगळं कळलंय, आणि मी अजिबात चिडलेली नाही. किती सुंदर कल्पना केलीस! हे सगळं लिहून काढ, मस्त निबंध होईल. शाळेचा नकाशापण काढ, प्रमाण घेऊन." ती माझ्याकडे बघतच राहिली. "आई, यार, तू ना... तू प्रत्येक गोष्टीचा लेसन करतेस," असं म्हणून ती बाथरूममध्ये गेली आणि आतून कडी लावून रडली. मी बाहेर ती नवी वही हातात धरून उभी. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी फक्त अभ्यासापुरतं बोलली. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं, तीही बरोबर. तीन वर्षं लोक मला जे विचारत होते त्याने मी कधी हलले नव्हते. त्या दोन दिवसांत मात्र मी मनातून घाबरले. वाटलं, गणित येईल हिला, सगळं येईल, पण ही माझ्या हातून जाईल.

तिसऱ्या दिवशी आम्ही मटार सोलत बसलो होतो. मी मन घट्ट करून विचारलं, "तुला शाळेत जायचंय का? खरं सांग. जायचं असेल तर एप्रिलमध्ये नाव घालू. मी काही म्हणणार नाही."

तिने बराच वेळ एकच शेंग हातात फिरवली. "मला शाळेत नाही जायचं," ती म्हणाली. "मला शाळेतून घरी यायचंय."

मला कळेना. मग तिनेच समजावलं, मी तिला समजावते तसं, सावकाश. "बघ ना, सगळ्यांच्या मम्मी दरवाजा उघडतात आणि विचारतात, आज काय झालं? त्यांना माहीतच नसतं. तुला सगळं आधीच माहीत असतं. आणि टीचर ओरडल्या ना, की ते घरी येऊन मम्मीला सांगतात. मी कोणाला सांगू? ओरडतेस पण तूच."

आई, तेव्हा मला तू आठवलीस. चौथीत तू माझी वर्गशिक्षिका होतीस. वर्गात पाचपन्नास मुलं, कुणी तमिळ, कुणी बंगाली, कुणी गढवाली, सगळ्यांचे वडील कुठल्या ना कुठल्या मंत्रालयात, आणि तिसऱ्या बाकावर मी. पहिल्याच दिवशी फाटकाच्या आत पाऊल टाकायच्या आधी तू मला सांगितलंस, "आत मला मॅडम म्हणायचं." आणि घरी आल्यावर तू आधी शाळेची साडी बदलायचीस, ती घडी घालून कपाटात ठेवायचीस, तोंड धुऊन चहा टाकायचीस आणि मग माझी आई व्हायचीस. मी घरी शाळेतलं काही काढलं की तू म्हणायचीस, "शाळेचं शाळेत." तेव्हा मला तू दुष्ट वाटायचीस. आता मला वाटतं, रोज संध्याकाळी तरी मला पूर्ण आई मिळावी म्हणून तू ते करत होतीस. मी मात्र सकाळी सातपासून एकाच गाऊनमध्ये आई आणि मॅडम दोन्ही असते, आणि पोरीला दोघींपैकी एकही नीट मिळत नाही.

तर आता आमच्याकडे असं चाललं आहे. युक्ती तिचीच. एक वाजता शाळा सुटते. ती दप्तर पाठीला लावून जिन्याने खाली जाते, इमारतीला एक चक्कर मारते आणि वर येऊन बेल वाजवते. मी दार उघडते आणि विचारते, "आलीस? आज काय झालं?" गार्ड पहिल्या दिवशी इंटरकॉमवर म्हणाला, "मैडम, बच्ची ठीक तो है?" आता तोही तिला "छुट्टी हो गई?" असं विचारतो. आत येऊन ती पाणी पिते आणि सुरू होते. आज मॅडमनी सतराचा पाढा तीनदा म्हणायला लावला. मॅडम जरा जास्तच बोलतात. मॅडमना इतिहास खास येत नाही, पुस्तकात बघून सांगतात. मला हे सगळं ऐकून घ्यावं लागतं. पहिल्या दिवशी मी न राहवून म्हणाले, "अगं, पण मॅडमचंही बरोबरच असेल ना." ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आई, तू माझ्या साइडला आहेस की मॅडमच्या?"

"तुझ्या," मी म्हणाले. तिला जवळ घेतलं आणि आम्ही दोघींनी मिळून मॅडमना यथेच्छ नावं ठेवली. इतकं मोकळं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. पाचव्या मजल्यावरच्या मैत्रिणीला तिने आपणहून खरं सांगितलं. ती म्हणाली, "वाव, तो तू सात बजे तक सोती है?" आणि विषय संपला. शाळा घरीच राहणार आहे, आई. मी चुकले होते, पण ते घरी शिकवण्यात नाही, आणि हे मी तुझ्यासमोर उभी राहूनही सांगितलं असतं.

काल मॅडमची निंदा करून झाल्यावर तिने विचारलं, "तुझ्या मॅडम तर आजीच होत्या ना? मग तू आजीला मॅडमबद्दल काय सांगायचीस?" मी म्हटलं, काहीच नाही. तिला ते पटलं नाही. "कधीच नाही? काहीतरी तर असेल ना." मी उठून कुकर लावला. पण सबंध दुपार तेच डोक्यात राहिलं, आणि म्हणून हे लिहायला बसले. पत्र कुठे टाकायचं नाही हे मलाही कळतं. तरी एक गोष्ट आहे, आणि ती तुलाच सांगायची आहे, कारण ती आईलाच सांगतात.

आई, चौथीत आमच्या मॅडमनी मला गृहपाठाची वही नाही म्हणून सगळ्या वर्गासमोर पूर्ण तास उभं केलं. वही मी पुरी केली होती. तपासायला तूच घेतली होतीस आणि घरी पलंगावर विसरली होतीस. मी बोलले नाही, कारण मग वर्गाला कळलं असतं की मॅडम विसरल्या. संध्याकाळी तू ती वही पलंगावरून उचललीस, माझ्याकडे बघितलंस आणि काही न बोलता माझ्या दप्तरात ठेवलीस. मी खूप वेळ तुझ्या मागे मागे स्वयंपाकघरात फिरत होते. मला वाटत होतं, तू विचारशील, आज काय झालं.