कारगिलची माती, मुक्काम रिठद

किन्हीराजा, सोमवार

साडूभाऊ गोपीचंद सुभेदार यांस पंजाबरावचा रामराम.

तुमचा गुडघा आता जिना चढू देते का? साधनाबाईची तब्येत कशी हाय? इकडे सारे खुशाल, मले सोडून.

तुमी नागपुरात बसून द्रासच्या स्मारकाचा रस्ता मुक्कामासकट लिहून देल्ला, तो आमच्या गावानं आठ महिने सुधारला. (ज्यानं अकोल्याच्या पुढं पाय टाकला नाही, त्यानं मले बर्फात मोटरसायकल कशी चालवाव ते शिकवलं.) निघायच्या दिवशी बँड, शाल, नारळ, भाषणं. सरपंचानं फलकच छापला, ‘मोहीम फत्ते केल्याबद्दल हार्दिक सत्कार’. म्हणे, परत आल्यावर पुन्हा कार्यक्रम कायले? गर्दी पांगल्यावर तुळसाकाकू आली. तिचा पोरगा रवी कारगिलच्या लढाईत तिथंच पडला, तुमच्याच पलटणीत. इतक्या वर्षांत तिनं कोणाले काही मांगतलं नाही. मले म्हणे, “भिंतीवर त्याचं नाव हाय म्हणतात. हात लावजो. अन् चिमूटभर माती आणजो.”

पहिला मुक्काम रिठदले केला. गंगूताईसारख्या मोठ्या बहिणीनं ओवाळल्याबिगर एवढ्या दूर जाव कसं? (द्रास उत्तरेले अन् रिठद उलट्या दिशेले, हे मले बी समजते.) तिच्या दारात गाडीवरून उतरलो अन् कंबर धरली ते धरलीच. बारा दिवस ओसरीत पालथा पडून शेक घेतला. इकडे सत्कार होऊन गेलेला, फलक चौकात टांगलेला. कोणत्या तोंडानं परत येऊ? मंग रिठदच्या वाटेवरचा मुरूम रुमालात बांधला अन् घरी आलो.

काकूनं तो साऱ्यांदेखत कपाळाले लावला, देवघरात ठेवला, मले पेढा देल्ला. साडूभाऊ, आजवर गंज थापा मारल्या, पण हे पाप झालं. तो पेढा अजून तसाच कागदात बांधून ठेवला हाय.

आपला,
पंजाबराव

ता.क. खरं काम हे, का पलटणीतल्या कोण्या ओळखीच्या माणसाकडून तिथली माती मांगवून द्या. काकूले कळू न देता बदलून टाकतो.

ता.क. दुसरा. माती राहू द्या. पाकीट चिकटवाच्या आधीच काकू येऊन गेली. सारी उमर वावरात गेलेली बाई, रुमाल सोडला तवाच तिनं मुरूम वळखला होता. मंग कपाळाले काहून लावला, असं मी विचारलं. म्हणे, “चार लोकं पाहून राह्यले होते. तुयी इज्जत जाऊ देऊ का?” अन् हळूच म्हणे, “मागच्या सीटवर मले बसता येते. आता मलेच घेऊन चाल.” मी हो म्हटलं. तुमी बी तुमची गाडी काढा. काकूले वाचता येत नाही, अन् त्या भिंतीसमोर मले काही दिसन असं वाटत नाही. नाव वाचून दाखवाले तुमी पाहिजे.