आईच्या पलंगावरच्या पर्सा

ब्रो ब्रिज, लुईझियाना
१६ मे २०१९, गुरुवार

प्रिय नेल,

तुझे गुडघे बरे असतील अशी आशा आहे. इकडे सगळं ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. भेंडी उगवली आहे, गटार तुंबलं आहे, आणि फादर एबेअर यांचं प्रवचन अजूनही संपता संपत नाही.

रविवारी मदर्स डे झाला. आंद्रेने फोन केला, "कशी आहेस?" म्हणाला. मी म्हटलं, "जिवंत आहे." मागून छोट्या जोसीचा आवाज आला, मॉमॉशी, आजीशी, बोलायचंय म्हणून, आणि फोन घाईने बंद झाला. मी सवयीने गंबोच्या रश्श्याचं मोठं भांडं चढवलं होतं. अजून तेच खाते आहे.

सूनबाईंनी पोरीला माझ्याकडे आणणं बंद केलं त्याला महिना होत आला. कँडिसमध्ये मी शंभर दोष काढीन, पण हा काढणार नाही.

असो. आधी पार्सल उघड. आज सकाळी लाफायेतला बंदुकांच्या दुकानात गेले होते. काउंटरवरचा दाढीवाला मला "यंग लेडी" म्हणाला.

"मी बहात्तर वर्षांची आहे," मी म्हटलं. "मिस अझेली म्हण."

त्याने लगेच एक गुलाबी पर्स काढली, आत पिस्तुलासाठी वेगळा कप्पा. "बायका हीच घेतात, मिस अझेली."

"बायका पर्स कुठे ठेवतात, ठाऊक आहे?"

"खांद्यावर?"

"तुझं लग्न झालेलं दिसत नाही."

"दोनदा झालंय, मॅम."

"मग दोघींनीही तुला काही सांगितलेलं नाही."

पर्स चर्चच्या बाकावर असते, दुकानातल्या ढकलगाडीत असते, स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर असते. खांद्यावर ती घरातून गाडीपर्यंतच. पर्स नको, एवढं पक्कं करूनच मी गेले होते.

मग त्याने घोट्याला बांधायचं दाखवलं. मी म्हटलं, माझा घोटा माझा मलाच बऱ्याच वर्षांत दिसलेला नाही. पोटाभोवतीचा कापडी पट्टा अंगाला मऊ लागला, पण बाहेरून बोट दाबलं तर चाप जाणवत होता. तो परत दिला. शेवटी घेतलं ते हे होल्स्टर, पिस्तुलाचं म्यान. कडक आहे, तुझ्याच पिस्तुलाच्या मापाचं आहे, चाप पूर्ण झाकतं, आणि उलटं धरून हलवलं तरी पिस्तूल पडत नाही. ते पँटच्या आत, उजव्या कमरेच्या हाडाच्या जरा मागे लावायचं. त्याला जाड पट्टा लागतो, तोही पाठवते आहे. आपल्या इलॅस्टिकच्या पँटी आता विसर. वरून सैल ब्लाऊज घाल.

आपली दोघींची कंबर सारखीच, म्हणून मी स्वतः लावून पाहिलं. दुकानातलं प्लास्टिकचं निळं पिस्तूल खोचून वाकले, गाडीत बसले. आधी टोचलं. ताठ बसले तेव्हा टोचेना. शाळेत सिस्टर बेनिता पाठीला फूटपट्टी लावून हेच शिकवत होत्या. कशासाठी उपयोगी पडेल, याची त्या बिचारीला काय कल्पना.

सवय होईपर्यंत घरात पिस्तूल रिकामं घाल, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेव. उतरवताना होल्स्टरसकट उतरव आणि थेट पेटीत टाकून कुलूप लाव. पेटीही पार्सलमध्ये आहे. किल्ली गळ्यात घाल, क्रॉसच्या साखळीत.

दाढीवाल्याने विचारलं, कुणासाठी घेताय? मी म्हटलं, माझ्यासाठी. हल्ली असं बोलताना जीभ अडखळत नाही. गुड फ्रायडेपासून सराव आहे.

त्या दिवशी माझ्या अंगणात क्रॉफिश उकळत होते, आणि आत आईच्या पलंगावर नेहमीसारखा सगळ्या बायकांच्या पर्सांचा ढीग होता. त्याच पलंगावर, भिंतीच्या बाजूला, झोपवलेली लहान पोरं. आई होती तेव्हापासूनची ही रीत. आपणही त्या ढिगाशेजारी झोपूनच मोठ्या झालो. तेव्हा पर्समध्ये जपमाळ आणि पेपरमिंटच्या गोळ्या असायच्या.

जोसी उठली आणि पेपरमिंट शोधायला लागली. पर्स उघडली की पेपरमिंट मिळते, एवढंच त्या पोरीला ठाऊक.

कँडिस आत गेली तेव्हा पोरीने ते दोन्ही हातांनी धरलं होतं, नळी स्वतःच्या पोटाकडे. कँडिस ओरडली नाही. पिस्तूल घेऊन मागच्या पायरीवर आली आणि म्हणाली, "हे कुणाचं?"

तू ताटातल्या क्रॉफिशकडे पाहत राहिलीस, नेल. 

मी म्हटलं, "माझं."

"मिस अझेली, तुम्ही असं करावं?"

"हो, मीच."

तुझा क्लोव्हिस वारल्यावर तुझ्या घरात शिरलेल्या त्या माणसाने तुला स्वयंपाकघरात पाडलं होतं. तेव्हापासून तू दिवा मालवून झोपत नाहीस, हे मला माहीत होतं. तुझ्या भीतीला मी कधी हसले नाही, आजही हसत नाही. वाटलं, सगळे हिच्यावर तुटून पडले तर ही मोडेल. मला लोक तसंही भांडकुदळ म्हणतात, त्यात आणखी एक भर. नंतर तू माझ्या कपाटातून पिस्तूल काढून नेलंस, "देव तुझं भलं करो" म्हणालीस, आणि तेव्हापासून माझा फोन उचलत नाहीस.

मी हे सगळं गिळलं असतं. पण काल आंद्रे गवत कापायला आला आणि सहज म्हणाला, "कँडिसची सोय झाली, मॉम. येत्या मंगळवारपासून जोसी नेल आंटीकडे. तिच्याकडे तरी तसलं काही नाही."

तू हो म्हणालीस. पर्स स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर ठेवणारी तू, हो म्हणालीस.

माझं खोटं ती पोर माझ्या घरातून उचलून तुझ्या त्या खुर्चीशेजारी नेऊन ठेवतं आहे. आंद्रेला तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. आत जाऊन नुसता नळ सोडून उभी राहिले.

हे तुझ्या तोंडून यावं म्हणून रविवारपर्यंत थांबते. मासच्या प्रार्थनेनंतर, चर्चच्या पायरीवर, कँडिसला तू सांगायचं. नाही सांगितलंस तर तिथेच मी सांगेन. महिनाभर मी कम्युनियनचा प्रसाद घ्यायला उठलेली नाही; खोटं पोटात ठेवून तो घेता येत नाही. बाक रिकामा होतो, मी बसून राहते, आणि लोकांना वाटतं माझेही गुडघे गेले.

कदाचित यानंतर कँडिस पोरीला आपल्यापैकी कुणाच्याच दारात येऊ देणार नाही. येऊ देऊ नये. तुझ्या कमरेला हा पट्टा असला आणि पेटीला कुलूप असलं, तरी तिने विश्वास का ठेवावा?

आईच्या खोलीच्या भिंतीवर मी उंच खुंट्या ठोकून घेतल्या आहेत, पर्सांसाठी. अजून त्यांवर कुणी काही टांगलेलं नाही.

पार्सल तुझ्या दाराबाहेरच्या ओट्यावर ठेवून जाते. बेल वाजवणार नाही. तू घाबरशील.

रविवारपर्यंत तुझ्यासाठी खोटं बोलणारी,
आणि त्यानंतरही तुझीच बहीण,
अझेली