आठ फुटी गादी

८ मार्च, रविवार
सेमीफायनलला हरलो. दोन गुणांनी. 'हरलो' म्हणायचा मला हक्क आहे, कारण टिलफोर्ड स्टेट कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये माझे पैसे आहेत. कोच पुलियम म्हणाले, गड्या ग्लेन, पोरं सगळी परत येणार, पुढच्या वर्षी आपल्याला कोणी अडवत नाही. मी तरी वेगळं काय म्हणत होतो? परत येताना गाडीत बायकोला, ट्रूडीला, पुढच्या वर्षीचे पाच खेळाडू जागेसकट सांगितले. ती म्हणाली, सिग्नल हिरवा झालाय.

संकल्प : कॉलेजच्या पोरांवर आता एक डॉलरही नाही. गाद्यांच्या दुकानात उरेल ते सगळं फ्लोरिडाच्या घरासाठी. दोन बेडरूम आणि मागे तळं. ट्रूडीला तसा शब्द दिला आहे.

१२ मार्च
कोच दुकानात आले. गादी घेतली नाही. माझ्या पाठीची चौकशी केली. ट्रूडीचं म्हणणं, पाठीची चौकशी झाली की मागून पैशाची गोष्ट येते. साफ चूक. गेल्या वेळी त्यांनी गुडघ्याची केली होती.

विषय केड्रिक पेटवेचा. आपला सेंटर, म्हणजे बास्केटखाली उभा राहणारा उंच गडी. सात फूट एक इंच, अलाबामाचा. गेल्या वर्षी त्याला कुत्रं विचारत नव्हतं, आता सगळी विचारतात. सात एप्रिलला पोर्टल उघडतं, पंधरा दिवसांसाठी. त्यात नाव टाकलं की पोरगं कुठल्याही कॉलेजला जायला मोकळं. पूर्वी कॉलेज बदललं तर वर्षभर बाकावर बसावं लागायचं. आता सोमवारी आपला, मंगळवारी त्यांचा. कॉलेज स्वतः पगार देतं, पण आपल्या कॉलेजचा खिसा केवढा? उरलेलं माझ्यासारख्या व्यापाऱ्यांनी भरायचं. तेही उगाच हातावर ठेवून चालत नाही, वर तपासणी होते. खरीखुरी जाहिरात लागते.

म्हणून केड्रिक माझ्या दुकानाची जाहिरात करणार. हा खर्च नव्हे, धंदा आहे. संकल्प मोडलेला नाही.

ट्रूडीला सांगितलं. म्हणाली, म्हणजे दुसरी बेडरूम गेली.

१९ मार्च
शूटिंग. केड्रिकला दुकानातल्या सगळ्यात मोठ्या गादीवर झोपवलं. पाय घोट्याच्या वरपासून बाहेर. कॅमेरावाला हसून हसून कॅमेरा हलवत होता. पोरगं डोळे मिटून पडायचं नाटक करता करता खरंच झोपलं. गिऱ्हाइकं आली, त्याला बघून कुजबुजत बोलली, कुजबुजतच दोन उशा घेऊन गेली. दुकान बंद करायच्या वेळी उठला. माफ करा, मिस्टर ग्लेन, म्हणाला. आठवीनंतर पाय लांब करून झोपलेलोच नाही. होस्टेलवर मुटकुळं करून पडतो.

जेवायला घरी नेलं. ट्रूडीने पोर्क टेंडरलॉइनचे सँडविच केले होते. तळलेलं मांस पावाच्या बाहेर चारी बाजूंनी आलेलं. त्याने चार खाल्ले, मग न सांगता भांडी विसळली आणि वरच्या फळीवरची गेली सात वर्षं कोणाच्या हाताला न लागलेली वाटी काढून दिली. तो गेल्यावर ट्रूडी म्हणाली, पोरगं गुणी आहे हो. मी म्हटलं, भावनेच्या भरात जायचं नसतं. ही गुंतवणूक आहे.

पण एक कल्पना सुचली आहे.

२३ मार्च
कारखान्याला फोन. आठ फुटी गादी, त्याच मापाचा पलंग आणि चादरी. घोड्यासाठी का, असं विचारलं. मी म्हटलं, सेंटरसाठी. रक्कम इथे लिहीत नाही. ट्रूडी ही वही वाचत नाही, पण तरी.

हिशेब सरळ आहे. ज्याला झोप मिळते तो माणूस गाव सोडत नाही. बाकीची कॉलेजं पैसे देतील, गाड्या देतील. पाय कोण झाकणार?

मला स्वतःला मात्र झोप नाही. या कुशीवरून त्या कुशीवर. पोर्टल उघडायचंय, तोवरच हे हाल. गिऱ्हाइकाने विचारलं तर सांगतो, आडवा झालो की ढाराढूर.

७ एप्रिल, मंगळवार
उघडलं. सकाळपासून फोन हातात. दुपारपर्यंत आपल्या आठ पोरांनी नावं टाकली. केड्रिक त्यात नाही! कोच म्हणाले, आठ गेले ते बरंच झालं, जागा रिकाम्या झाल्या. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. टीम बांधायची तर आधी जागा हवी. त्या हिशेबाने आपण सगळ्यांच्या पुढे आहोत.

एका गिऱ्हाइकाला आज उशीच्या भावात गादी दिली. फोनकडे बघत होतो.

८ एप्रिल
एका छोट्या कॉलेजचा गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेणारा खेळाडू, मिळाला. हडकुळा, पण हात विजेसारखे. मी त्याला उशांची एक छोटी जाहिरात दिली आणि तो आला. ट्रूडी म्हणाली, फ्लोरिडाच्या घराचं आता चाकांवरचं ट्रेलर झालं. मी म्हटलं, ट्रेलर हवेशीर असतात. ती म्हणाली, अंथरूण पाहून पाय पसर, ग्लेन. गाद्यांच्या दुकानदाराला हे बायकोने सांगायचं.

संध्याकाळी त्या गार्डच्या गावातून फोन. कोणी मिस्टर स्टॉकबर्गर, गुरांच्या खाद्याचं दुकान. त्या पोराला दोन वर्षं यांनी सांभाळलं, दातांच्या डॉक्टरकडे स्वतः नेलं, नाताळला घरी जेवायला बोलावलं. म्हणाले, जाताना नीट निरोपसुद्धा घेतला नाही हो. मी समजूत घातली. मनाला लावून घेऊ नका, म्हटलं, काळ बदललाय, पोरांनी स्वतःचं बघायलाच हवं. सांगून मलाच बरं वाटलं. काही माणसांना व्यवहार कळत नाही.

१० एप्रिल
गादी आली! जिन्यात वळेना. शेवटी दोरखंड बांधून खिडकीतून केड्रिकच्या खोलीत घेतली. खाली पोरं टाळ्या वाजवत होती. कोचही वाजवत होते. केड्रिक आडवा झाला. पाय आत! आणि पुढे वीतभर जागा शिल्लक. तो छताकडे बघत राहिला आणि मग मनगटाने डोळे पुसले. मी खिडकीची चौकट तपासत होतो.

प्रश्न मिटला. आज मलाही झोप लागेल.

११ एप्रिल
लागली नाही.

१४ एप्रिल
केड्रिकला फोन करून विचारलं. काल अकरा तास झोपला. परवा दहा. उत्तम. योजनेप्रमाणे चाललं आहे.

त्याच्या एजंटचाही फोन आला. अटलांटाचा ब्लेन, वय चोवीस, मला 'बॉस' म्हणतो. म्हणाला, बॉस, कोल्टन टेकने आकडा सांगितलाय, तुम्ही काय म्हणता? कोल्टन टेक! त्यांच्या गावातून जाताना मी पेट्रोलसुद्धा भरत नाही. मी केड्रिकची जाहिरात आणखी दोन वर्षं वाढवली. ट्रूडीला म्हटलं, फ्लोरिडा थोडं थांबेल, समुद्र काही पळून जात नाही. ती म्हणाली, समुद्र नाही जाणार. मी जाईन.

तिची विनोदबुद्धी मला पहिल्यापासून आवडते.

१८ एप्रिल, शनिवार
केड्रिक स्वतः दुकानात आला. टोपी हातात. म्हणाला, मिस्टर ग्लेन, दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगतो. वर्षभर माझ्या डोक्याचा पार भुगा झाला होता. एजंट एक बोलतो, कोच एक बोलतात, आई तिसरंच, आणि मला झोपच नाही, मग ठरवणार कसं? या आठवड्यात पहिल्यांदा पोटभर झोपलो आणि डोकं स्वच्छ झालं. आई कोंबड्यांच्या कारखान्यात रात्रपाळीला उभी असते. माझे गुडघे किती वर्षं टिकतील, देव जाणे. कोल्टन टेक सहापट देतंय. मी जातोय. तुमच्या गादीमुळेच ठरवता आलं, सर. तुमचे उपकार विसरणार नाही.

आणि मिठी मारली. माझं तोंड त्याच्या बरगड्यांपर्यंतच पोचलं. मी म्हटलं, अरे वेड्या, धंदा आहे, मनाला काय लावून घ्यायचं. पाठीवर थाप मारली, दारापर्यंत सोडलं. दारातून निघताना त्याने सवयीने डोकं वाकवलं.

मग मधल्या गादीवर बसलो आणि रडलो. लिहूनच टाकतो. रडलो. हवेत परागकण आहेत हेही तितकंच खरं.

१९ एप्रिल
स्टॉकबर्गरना फोन केला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, मनाला लावून घेऊ नका, काळ बदललाय. शब्द न् शब्द तोच. अकरा दिवस जपून ठेवला असणार. नंतर आवाज खाली आणून विचारलं, आमच्या पोराच्या दाढेचं काय झालं? दुखते का अजून?

मी विचारलं नव्हतं.

२ मे
केड्रिक गेला. गादी आली तशी खिडकीतून परत दुकानात. शोकेसमध्ये ठेवली आहे. विकत कोणी घेत नाही, गावातली पोरं येऊन उड्या मारतात.

संकल्प : बास्केटबॉल बंद. टीव्हीवरसुद्धा नाही.

ट्रूडी फ्लोरिडाला बहिणीकडे गेली. जरा बदल म्हणून, दोन आठवडे. शिवणाचं मशीनही घेऊन गेली. बरंच शिवायचं राहिलं असेल.

१७ मे
दोन आठवडे झाले. शिवण संपलेली दिसत नाही.

२० मे
केड्रिकचा फोन. कोल्टनला मोठं घर मिळालं, भिंतीएवढा टीव्ही मिळाला. पलंग मात्र आखूड. पुन्हा मुटकुळं. ती गादी विकत मिळेल का, सर?

मी म्हटलं, धंदा आहे, किंमत पडेल. चढवून सांगितली. तो म्हणाला, येस सर, पाठवतो. मी आकडा कागदावर लिहिला आणि खोडला. म्हटलं, राहू दे पैसे. मी घेऊन येतो.

२३ मे
काल नेऊन दिली. एकटाच, दुकानाच्या ट्रकमधून. ट्रकवर दोन्ही बाजूंनी माझं नाव हातभर मोठ्या अक्षरांत, हे कोल्टनमध्ये शिरल्यावर आठवलं. लोकांनी फोटो काढले. आम्ही दोघांनी मिळून पलंग जोडला. त्याने मासे तळले, चांगले होते. आई रात्रपाळी सोडणार, म्हणाला. फोनवर तिला माझं तोंड दाखवलं. तिने खूप वेळ आभार मानले आणि मी तिला उशी कशी निवडावी ते सांगितलं.

परत आलो तर फोटो माझ्या आधी गावात पोचले होते. आज सकाळी कॉफीला गेलो. पत्त्यांच्या टेबलावर जागा नव्हती. तीन माणसं होती आणि जागा नव्हती. मला तसाही पत्त्यांचा कंटाळा आला होता.

३० मे, शनिवार
ट्रूडीचा फोन. पाठ धरली आहे. बहिणीकडे सोफ्यावर झोपते, त्याच्या मधोमध लोखंडी दांडा आहे. मी म्हटलं, हात्तिच्या! दुकानातली सगळ्यात भारी गादी उद्याच कुरियरने टाकतो.

ती म्हणाली, त्याची तू स्वतः घेऊन गेलास.

मी म्हटलं, नीट ऐकू येत नाहीये, लाइन खराब आहे. लाइन चांगली होती.

३१ मे, सकाळ
ट्रक भरला. गादी, पलंग, ट्रूडीच्या आवडीच्या दोन उशा. दाराला पाटी : दुकान बंद. कधीपर्यंत ते लिहिलं नाही.

संकल्प, आणि हा शेवटचा : कोचचा फोन उचलायचा नाही. ट्रूडीला सांगायचं, ट्रेलर नको असेल तर भाड्याची खोली बघू, तीही नको असेल तर सोफ्याशेजारी जमिनीवर मी झोपतो. पाय पसरायला मला किती जागा लागते?

हे सगळं फोनवर सांगून टाकलं. ती हसली. महिन्याने हसली. म्हणाली, ये. आणि हळू चालव.

१ जून, सोमवार. जॉर्जिया, पेट्रोल पंप
रात्री मोटेलमध्ये गाढ झोप. मार्चनंतर पहिल्यांदा. डोकं अगदी स्वच्छ.

कोचचे सकाळपासून तीन फोन. उचलले नाहीत. चौथा उचलला, तो फक्त पुन्हा करू नका हे सांगण्यापुरता. त्यांनी पाठीची चौकशी केली. मग म्हणाले, नेब्रास्काचा एक सेंटर गुरुवारी कॉलेज बघायला येतोय. सात फूट दोन इंच. सध्या पलंगाला खुर्ची जोडून झोपतो. मी ठणकावून सांगितलं, गादी माझ्याकडे नाही. ते म्हणाले, गादी नसेल गड्या, माप तर असेल?

माप आहे. फक्त एक इंच वाढवावा लागेल.

ट्रूडीकडे पोचायला अजून बराच रस्ता आहे, तेवढ्यात कारखान्याला एक फोन केला. नुसता भाव विचारायला. त्यांनी होल्डवर ठेवलं. मध्येच ट्रूडीचा येत होता, कुठवर आलास विचारायला. इकडची लाइन तुटेल म्हणून घेतला नाही.

पोचल्यावर सांगेन, रेंज नव्हती.