कंट्रोलची नळी

नाशिक, १२ ऑगस्ट २००६

प्रिय मैना,

बारा वर्षांनी माझं अक्षर पाहून तू हे पाकीट उघडशील की चुलीत घालशील, देव जाणे. मी असते तर चुलीतच घातलं असतं. तरी वाच.

गेल्या महिन्यात आमच्या लॅबमध्ये कळवणची एक बाई दीड महिन्याचं बाळ घेऊन आली. नाळ अजून पडलेली नव्हती, बेंबीभोवती काळी जखम, आणि पू टिपूसभरही नाही. तुझं बाळ समोर उभं राहिलं. नाळ पडल्याशिवाय बारसं नाही, असं आई म्हणाली आणि चव्वेचाळिसाव्या दिवशी ते बिननावाचंच गेलं. त्याचं रक्त मीच तपासलं होतं. पांढऱ्या पेशी मोजता मोजता दमले आणि घरी येऊन शहाणपणाने सांगितलं, रक्तात काही कमी नाही, घाण बाहेरूनच जातेय. त्यावर आई तुझ्याकडे बघून म्हणाली, "हिचे हातच चांगले नाय." पुढे सोमनाथदादाने तुला सोडून दुसरी बायको केली, तिची दोन्ही पोरं जगली, आणि तुझ्यावरचा आळ पक्का झाला. त्या बाळाचं रडणं मात्र मला अजून ऐकू येतं, भर दुपारी, मशीन चालू असताना.

कळवणच्या बाळाचं रक्त मुंबईला पाठवलं. पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून जखमेत उतरतात, त्या एका प्रथिनाच्या जोरावर. तिथे नेमकं तेच प्रथिन धरणारी, चमकता रंग लावलेली अँटिबॉडी घालतात आणि मशीन एकेक पेशी तपासतं. बाळाच्या पेशींवर ते नव्हतंच. पाट भरून वाहतोय, पण वाफ्यात पाणी उतरत नाही, तसं. तुझ्या बाळाचंही तेच झालं असणार.

तुलनेला धडधाकट माणसाच्या रक्ताची नळी लागते, तिला कंट्रोल म्हणतात. मी माझंच रक्त दिलं होतं. मुंबईहून फोन आला, कंट्रोलमध्येही प्रथिन निम्मंच आहे, दुसऱ्या कुणाचं पाठवा. निम्म्यावर माणूस ठणठणीत राहतो गं. आईबाप दोघंही निम्मे असले, तर बाळाच्या वाट्याला काहीच न येण्याची भीती. माझी आई आणि तुझे वडील सख्खी भावंडं, म्हणजे दादात आणि तुझ्यात ते निम्मेपण एकाच घरातून उतरलं असणार. मामाचीच पोर सून म्हणून आणायची, हा हट्ट माझा होता.

आईला सगळं सांगितलं. ती दोन दिवस जेवली नाही.

माफी मागायला मला तोंड नाही, आणि त्यासाठी लिहीतही नाही. तुमच्याकडची मालनबाई परवा भेटली. म्हणाली, हरसूलच्या अंगणवाडीत मैना तान्ह्या बाळांना हात लावत नाही, दुसरीला पुढे करते. तेव्हापासून मला झोप नाही. माझ्या रिपोर्टची झेरॉक्स सोबत ठेवली आहे. ती वाच, आणि उद्या जे बाळ पहिलं येईल, ते तू उचलून घे.

तुझीच आतेबहीण,
सविता